धूप न घातलेली सकाळ

नाशिक रोड,
माघ वद्य प्रतिपदा, सोमवार
२ फेब्रुवारी २०२६

तीर्थस्वरूप आक्का हिस,
खंडूचा शिरसाष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. छाया बरी आहे. माझं पित्त अधूनमधून वर येतं. आयुष दोन्ही वेळा पानावर बसतो, किती खातो ते विचारू नकोस. तुझ्या गुडघ्यांचं तेल संपलं असेल, बाटली पाठवली आहे. थंडी अजून आहे, सकाळी डोक्याला बांधून बाहेर पडत जा.

हे पत्र टपालाने येणार नाही. छाया ते घेऊन येईल, तुझ्या हातात देईल आणि तुझं वाचून होईपर्यंत ओट्यावर बसून राहील. मधे बोलायचं नाही, असं मी तिला सांगितलंय. तू पोथी वाचतेस तशी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. फोनवर सांगायचं कितीदा तरी ठरवलं. पण फोन उचलला की तुझा पहिला शब्द, "खंडू, पोराचं काय?" त्यापुढे माझ्या तोंडून "बघू, देवाला काळजी" याशिवाय काही निघत नाही.

गेल्या बुधवारी सकाळी मी तुझ्या घाटात आलो होतो. तुला माहीत नाही. पहिल्या एसटीने आलो, म्हसोबाच्या वळणावर उतरलो आणि घराकडे न येता कडुनिंबाच्या आडोशाला उभा राहिलो, चोरासारखा. तुला दिसलो असतो तर तू चहा ठेवला असतास आणि मी तो पिऊन पुन्हा न बोलता परत गेलो असतो.

थोड्या वेळाने तू आलीस. डोक्यावर गोवऱ्यांची पाटी, हातात तांब्या. चपला लांब काढल्यास. देवाला पाणी घातलंस, शेंदूर लावलास, गोवरी पेटवून तिच्यावर तूप सोडलंस, ऊद टाकलास. धूर आधी सरळ वर गेला. मग खालून वारा आला आणि तो वाकून खांबाकडे गेला. माझ्या खांबाकडे, ज्याच्यावर दोन हात समोरासमोर धरल्यासारखं ते यंत्र आहे. मोबाईलवर मी यंत्राचं आतलं पान उघडून ठेवलं होतं, खांब सांभाळणाऱ्यालाच दिसतं ते. आकडा दोन हजारावर होता, म्हणजे दोन हजार मीटरपर्यंत स्वच्छ दिसतंय. मग नऊशे झाला. मग दोनशे. मग साठ. आक्का, ऊन पडलेलं होतं. मला खालचा हायवे दिसत होता, कांद्याच्या चाळी दिसत होत्या, पलीकडचे डोंगर दिसत होते. आणि यंत्र सांगत होतं की साठ मीटरच्या पुढे काही दिसत नाही.

तू हात जोडलेस आणि मोठ्याने म्हणालीस, "माझ्या पोराला यातून सोडव रे बाबा."

ते मी ऐकलं. तू गेल्यावर आणखी थोडा वेळ आकडा बघत थांबलो, मग एका टेम्पोला हात केला आणि परत आलो.

त्या सकाळी मला एक गोष्ट पक्की करायची होती, ती पक्की झाली. ती काय, हे सांगायच्या आधी माझं काम तुला नीट सांगायला हवं. इतकी वर्षं मी नुसतं "रस्त्याच्या यंत्रांचं" असं सांगून मोकळा होत आलो.

रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी असे खांब आहेत. वारा किती, पाऊस किती, रस्ता ओला की कोरडा, गाड्या किती गेल्या, किती लांबपर्यंत दिसतं, हे ती यंत्रं सारखी कळवत असतात. ते सगळं आमच्या नाशिकच्या ऑफिसात येतं आणि तिथून लगेच खुल्या साइटवर जातं. खुली म्हणजे कुणालाही. पैसे नाहीत, अर्ज नाही, ओळख नाही. मोबाईलवर नकाशा दाखवणारे ते घेतात, ॲम्ब्युलन्सवाले घेतात, एसटीचा डेपो घेतो, टोमॅटो भरणारा घेतो, कॉलेजची पोरं अभ्यासाला घेतात. घाटाच्या तोंडाशी जी पाटी पेटते, "रस्ता स्वच्छ" नाहीतर "पुढे धुके, हळू चला", तीसुद्धा तिथूनच घेते.

हे काम मला आवडत आलं ते याचमुळे. दादा चैत्रात रस्त्याला रांजण मांडायचे, आठवतं? कोण पाणी पिऊन गेलं ते दादांनी कधी बघितलं नाही. पण रांजण रोज आतून घासायचे आणि फडकं स्वतः पिळून बांधायचे. खांबाच्या काचा पुसताना मला तेच आठवतं. काचेसमोर कोळ्याने जाळं विणलं तरी यंत्र त्याला धुकं समजतं, म्हणून मऊ कापड लागतं, आपण देव पुसतो तसं.

आयुषच्या मोबाईलवर ते ॲप मीच घालून दिलं. "गाडी काढायच्या आधी बघत जा," म्हटलं. तो हसायचा. "मामा, तुमचं यंत्र काय म्हणतं ते बघितल्याबिगर मी चावीच फिरवत नाय." ज्या दिवशी त्याने पिकअपचं स्टिअरिंग हातात घेतलं, त्याच दिवशी तू म्हसोबाला बोललीस, पोरगं घाटातून जाईल-येईल तोवर रोज सकाळी धूप. दाजी गेल्यावर तुला तेवढं एकच माणूस उरलं. मला तुझा नवस कळत होता. मी घालून दिलेलं ॲप आणि तू घातलेला धूप, दोन्ही एकाच पोरासाठी होते.

गेल्या वर्षीच्या थंडीत घाटातली पाटी बिघडल्यासारखी वागायला लागली. ऊन पडलेलं असताना रोज सकाळी "पुढे धुके" म्हणायची. ड्रायव्हर शिव्या घालायचे. एकदा ॲम्ब्युलन्स त्या पाटीवर विसंबून लांबच्या रस्त्याने गेली. आमच्या ऑफिसात हर्षाली मॅडम इंजिनीयर आहेत, आपल्या पोरांच्या वयाच्या, मला काका म्हणतात. त्यांनी विचारलं, "काका, तुमच्या घाटातल्या यंत्राला सकाळी सकाळी होतं तरी काय?" मी येऊन बघितलं आणि बघताक्षणी मला कळलं. तुला आठवत असेल, मी त्या दिवशी भाकरीच्या वेळेला आलो होतो. शेजारची भागुबाई शेंगा फोडत बसली होती.

मी म्हटलं, "आक्का, धूप जरा देवाच्या मागच्या अंगाला घालतेस का?"

"देवाच्या पाठीला धूप कोण घालतं रे? तुझ्या पाठीला घालू का?"

"यंत्राला धूर लागतो गं."

"मंग त्याला खोकल्याचं औषध दे. म्हसोबा माझ्या आजेसासऱ्याच्या आधीचा हाय. तुझा खांब काल आला."

भागुबाई म्हणाली, "खंडूमामा, खांबालाच शेंदूर फासा की. म्हंजे दोघांचं जमंल."

आपण तिघंही हसलो. मी दोन भाकरी खाल्ल्या, तू ठेचा बांधून दिलास, मी निघालो. एवढंच झालं. पुन्हा म्हणून मी तो विषय तुझ्याकडे काढला नाही.

मॅडम म्हणाल्या, "मग मला वर कळवावं लागेल. ते तहसीलला लिहितील. धूप बंद करायला लावतील, नाहीतर देवच हलवायला सांगतील." मी त्यांच्यासमोर हात जोडले. म्हटलं, "असं लिहू नका. बहिणीचा नवस आहे. मी समजावतो तिला." त्या बऱ्या मनाच्या आहेत. म्हणाल्या, "ठीक आहे. तोवर सकाळच्या वेळेत घाटातल्या यंत्राचा आकडा बाजूला ठेवते आणि खाली टोलनाक्याजवळच्या यंत्राचा आकडा त्याच्या जागी लावते. पण थोडेच दिवस हां, काका."

दुसरीकडचा आकडा लावला तर त्याच्यापुढे "अंदाजे" अशी खूण करायची असते. ती केली नाही. रोज खूण दिसली की तपासणी येते, प्रश्न येतात, आणि पुन्हा गोष्ट तुझ्या धुपापर्यंत येते. पाटी शांत झाली. शिव्या थांबल्या. थंडी गेली, पावसाळा गेला, दुसरी थंडी आली. थोडे दिवस संपलेच नाहीत. मी तुला समजावलं नाही, मॅडमनी मला पुन्हा विचारलं नाही.

आक्का, वाचते आहेस ना? बोट तिथेच ठेव. हवं तर पाणी पी.

डिसेंबरातल्या त्या मंगळवारी खाली टोलनाक्याजवळ लख्ख ऊन होतं. घाटातल्या वळणावर मात्र धुकं दाटलेलं होतं. आयुष पिंपळगावला कांदा उतरवून, तिथेच झोपून, सकाळी रिकामी गाडी घेऊन घरी येत होता. घाटाखाली त्याने नेहमीसारखा मोबाईल बघितला. रस्ता स्वच्छ. पाटी बघितली. रस्ता स्वच्छ. त्याने गाडी नेहमीच्या वेगाने वर घेतली. वळणावर एकदम सगळं पांढरं झालं, आणि त्या पांढऱ्यात सावळीराम दुधाचे कॅन लावून सायकलवर होता. पुढचं तुला माहीत आहे. ते मी लिहीत नाही.

पोलीस वर येईपर्यंत धुकं उठून गेलं होतं. तू त्यांना म्हणालीस, "धुकं होतं साहेब, माझ्या दारात हात दिसत नव्हता." हवालदाराने तुला मोबाईल दाखवला. "मावशी, तुम्ही आई आहात, तुम्ही असंच म्हणणार. हे बघा, स्वच्छ लिहिलंय." समोरच्या वकिलांनी साइटवरचं तेच पान छापून कोर्टात लावलं. कुणालाही ते घेता येतं. त्याच्यासाठीच तर ते खुलं आहे.

आता आयुषचं. फोनवर मी तुला "बरा आहे" म्हणतो, ते खरं नाही.

जामीन मिळून माझ्याकडे आला तेव्हा सुरुवातीला तो भांडायचा. "मामा, समोर भिंत होती पांढरी. मी खोटं बोलतो का?" मग त्याने कोर्टातला कागद बघितला. तेव्हापासून त्याचा आवाज खाली गेला. आता तो रोज संध्याकाळी मला विचारतो, "मामा, धुकं होतं का खरंच?" मी म्हणतो, "झोप, उद्या बोलू." परवा म्हणाला, "मलाच डुलकी लागली असंल. मलाच तसं वाटलं असंल. तुमचं यंत्र कशाला खोटं बोलंल, मामा? तुम्हीच तर पुसता ते."

आक्का, एखाद्याच्या हातून वाईट घडलं तर तो रडेल, पस्तावेल, त्यातून कधीतरी उभा राहील. पण या पोराचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला आहे. तो खिडकीशी उभा राहून छायाला विचारतो, मामी, समोरची टाकी तुलाही दिसते ना? तू "धुकं होतं" म्हणतेस ते त्याला आईची माया वाटते. येत्या गुरुवारी तारीख आहे. त्या दिवशी उभा राहून गुन्हा कबूल करणार, असं त्याने वकिलांना सांगून टाकलंय. मी बेफाम चालवत होतो, रस्ता स्वच्छ होता, असं. आणि मला त्याच्याबद्दल आणखी एक भीती आहे. ती मी लिहीत नाही. छाया आणि मी त्याला घरात एकटं सोडत नाही, यावरून समज.

आणि मला हे सगळ्यांच्या आधी माहीत होतं. अपघाताच्या दिवशीच मी खांब सांभाळणाऱ्याला दिसतं ते आतलं पान उघडून बघितलं होतं. त्या वेळेला घाटातल्या यंत्राने चाळीस मीटर कळवलं होतं. आक्का, यंत्राने बघितलं होतं. त्याने खरं सांगितलं होतं. आम्ही त्याच्या तोंडावर हात ठेवून दुसऱ्याच यंत्राचं बोलणं लोकांना ऐकवत होतो.

मग बोललो का नाही? नोकरी जाईल ही भीती होती, नाही कशाला म्हणू. पण तेवढीच असती तर ती मी ओलांडली असती, असं मला वाटतं. मी वरच्या साहेबांकडे गेलो होतो. ते रागावले नाहीत. बसा म्हणाले, चहा मागवला. म्हणाले, "खंडेराव, चाळीस आहे, मान्य. पण त्या वेळेला तिथे रोज धूर असतो, हे तुम्हीच सांगितलंय ना? मग हे धुकं कशावरून? धूर कशावरून नाही? कोर्टात हे निघालं तर पहिला प्रश्न येईल, धूर कोण करतं. काय सांगाल?"

मी चहा तसाच ठेवून बाहेर आलो.

पोराला सोडवायचं तर आधी तुझा धूप पुढे करावा लागणार होता. आणि मग तुला कळणार होतं. त्याच्या जिवासाठी तू रोज जो धूप घातलास, त्याच धुरामुळे घाटातलं यंत्र गप्प केलं गेलं आणि त्याला पुढचं धुकं कुणी सांगितलं नाही. हे वाक्य मी कितीदा मनात लिहिलं आणि पुसलं. त्र्यंबकेश्वरी जाऊन पायरीवर बसून आलो. देवा, हे मला सांगायला लावू नकोस, म्हटलं. आणि इकडे पोरगं रोज विचारतंय, "मामा, धुकं होतं का?" एका बाजूला तू, एका बाजूला तो. दोघांपैकी कुणाला मारायचं, असं ते होतं. मी दोघांनाही थोडं थोडं मरू देत राहिलो.

लिहिलं. आता खोडत नाही.

पण इथे पत्र खाली ठेवू नकोस, आक्का. तुला माझी शपथ आहे. पुढचं वाच.

संक्रांतीला छाया तुझ्याकडे राहायला आली होती. तीळ निवडताना तू तिच्याजवळ रडलीस. "छाये, त्या दिवशी धूप चुकला गं. दहिवरानं गोवऱ्या सादळल्या होत्या, काडी पेटंना. म्हटलं, आज नको जायला, उद्या दुप्पट घालू. त्या एका दिवसाचा त्यानं दंड घेतला." कुणाला सांगू नकोस, अशी तू तिला गळ घातलीस. तिने शब्द पाळला. पण आयुष गुन्हा कबूल करायचं म्हणाला त्या संध्याकाळी ती स्वयंपाकघरात आली, गॅस बंद केला आणि मला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाटात आलो. तोच तो बुधवार. धूर आला की आकडा कसा पडतो ते मला बघायचं होतं, आणि त्याहून जास्त, तो परत वर कसा येतो ते. तू गेलीस, धूर विरला, आणि थोड्या वेळात आकडा पुन्हा दोन हजारावर गेला. धुराचं तसंच असतं, वाऱ्यासरशी आकडा खालीवर उड्या मारतो. अपघाताच्या दिवशी तसं नव्हतं. उजाडायच्या आधीपासून ऊन तापेपर्यंत आकडा चाळीसच्या आसपास खिळलेला होता, आणि हवा ओलाव्याने भरलेली. एवढ्याने साहेबांचं तोंड बंद झालं नसतं. पण त्या सकाळी तिथे धूप घातलाच नव्हता, हे जगात एकच माणूस सांगू शकतं.

ते माणूस तू आहेस.

ज्या सकाळपायी तू दोन महिने स्वतःला खातेस, ती एकच सकाळ तुझ्या पोराच्या बाजूने उभी आहे. बाकीच्या सगळ्या दिवसांवर बोट ठेवून कुणीही म्हणेल, हा धूर असेल. त्या दिवशी म्हणता येणार नाही. देवाने दंड घेतला नाही गं. मला वाटतं, आपल्याला साक्ष राहावी म्हणून त्याने तुझ्या गोवऱ्या ओल्या केल्या. असं म्हणतो, आणि लगेच मनात येतं, त्याला एवढं करता आलं तर सावळीरामला का नाही राखलं? रोज सकाळी दिवा लावताना हे विचारतो. त्याच्याशी भांडतो. तरी दिवा लावतो.

आयुषची काहीच चूक नाही असं मी म्हणत नाही. समोर पांढरं दिसताच ब्रेकवर पाय जायला हवा होता, तो उशिरा गेला. कमळाबाईचा नवरा सावळीराम आपल्या पोराच्या गाडीखाली गेला, हे कुठल्याही आकड्याने बदलत नाही. पण तिला कुणीतरी सांगितलंय की पोरगा पिऊन चालवत होता. ते खरं नाही, आणि तिलाही खरं कळायला हवं. तिच्या दारात मी जाणार आहे. ती जे बोलेल ते ऐकून घेईन.

आता आज काय केलं ते.

दादांच्या रांजणात एकदा पाल पडली होती. तू लहान नव्हतीस, तुला आठवेल. दादांनी पाणी ओतून दिलं आणि गप्प बसले नाहीत. सकाळपासून कोण कोण पिऊन गेलं ते माहीत नव्हतं, म्हणून ते वस्ती वस्ती फिरले, सांगत सुटले, "पाणी खराब होतं, उलटी झाली तर घाबरू नका, माझ्याकडे या." लोक हसले त्यांना. आई म्हणाली, "गप्प राहिला असता तर कुणाला कळलं असतं?" दादा म्हणाले, "मला कळलं असतं."

साइटवर प्रत्येक खांबाच्या आकड्यांखाली तो सांभाळणाऱ्याला शेरा लिहायची जागा असते. तो शेरा जगभर कुणालाही वाचता येतो. काच फुटली, बॅटरी गेली, असं आम्ही लिहितो. आज ऑफिसात गेल्यावर मी आधी हर्षाली मॅडमना सांगितलं, मी काय लिहिणार आहे ते. त्या म्हणाल्या, "काका, माझं नाव नका घालू. मेमध्ये लग्न आहे माझं." मी म्हटलं, "नाही घालत, पोरी. विनंती माझी होती. माझंच नाव येईल. फक्त एक करा, त्या यंत्राचं तोंड मोकळं करा. उद्या पुन्हा कुणीतरी त्याच वळणावर वर येणार आहे." त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या. थोड्या वेळाने मी बघितलं तर घाटाचा आकडा घाटाचाच दिसत होता.

मग मी लिहिलं. तुला जसंच्या तसं देतो:

"गेल्या हिवाळ्यापासून या स्थानकाचे सकाळचे दृश्यमानतेचे आकडे इथले नाहीत. ते खालच्या स्थानकाचे आहेत आणि तशी खूण केलेली नाही. इथे सकाळी धुपाचा धूर येतो, म्हणून माझ्या विनंतीवरून असे केले गेले. डिसेंबरमधील अपघाताच्या सकाळी येथील यंत्राने चाळीस मीटर नोंदवले होते. त्या सकाळी धूप घातला नव्हता. ज्यांनी हे आकडे घेतले, वापरले, त्यांनी ते खरे धरू नयेत. चुकीबद्दल हात जोडून क्षमा मागतो. खंडेराव, स्थानकाची देखभाल करणारा."

रामाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. त्याची एक प्रत वकीलसाहेबांकडे दिली. जेवणाच्या सुट्टीनंतर माझा पासवर्ड चालेनासा झाला. साहेबांनी बोलावून सांगितलं, उद्यापासून यायचं नाही, चौकशी लागेल. मी खिशातलं काचा पुसायचं कापड त्यांच्या टेबलावर ठेवलं. ते ऑफिसचं नव्हतं, माझ्या जुन्या धोतराचं होतं, पण बरोबर आणवेना.

घरी आलो. आयुष भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी त्याच्या समोर, भिंतीला पाठ लावून बसलो. आज त्याने काही विचारलं नाही. मीच म्हटलं, "आयुष, धुकं होतं."

त्याने मान वर केली. म्हणाला, "किती?"

"चाळीस मीटर. यंत्राने बघितलं होतं. मला त्या दिवसापासून माहीत आहे."

मला वाटलं तो अंगावर येईल. आला असता तर बरं झालं असतं. त्याने गुडघ्यात डोकं घातलं आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आयुष्यात ऐकला नव्हता. मी सगळं सांगितलं, तुझ्या धुपासकट. शेवटी तोंड वर करून त्याने एकच विचारलं, "आईला कोण सांगणार?"

म्हणून हे पत्र. छाया समोर बसली आहे, तिला आता बोलू दे. तिच्याबरोबर नाशिक रोडला ये. गुरुवारी वकीलसाहेबांपुढे तुला एवढंच सांगायचं आहे, त्या सकाळी गोवऱ्या ओल्या होत्या आणि मी धूप घातला नाही. दुसरं काही नाही. माझ्यावर राग आला असेल तर तो घेऊनच ये. पोराला तुझा हात हवा आहे.

उद्यापासून खांब जे बघेल तेच पाटीवर येईल. धूप समोर घालायचा की मागे, ते तू आणि म्हसोबा ठरवा. ते तुला सांगायचा हक्क माझ्याकडे होता तेव्हा मी भाकरी खाऊन निघून आलो.

जे दोघांपासून लपवलं होतं ते एकाला तोंडाने सांगितलं आणि एकीला लिहून. झालं सांगून.

तुझ्या पायांवर डोकं ठेवून, तू उचलशील तेव्हाच उठेन असा,

तुझा धाकटा,
खंडू